उभरते देश आणि जगाचे आर्थिक नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिल्लीची जी-२० परिषद झाली तेव्हापासून या विषयावर प्रश्न येतायत. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्यानंतर तर ओघच लागला. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एकाचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे क्रमांक दिला आहे. प्रश्नांची भाषा शक्य तितकी वाचकांचीच ठेवली आहे, त्यामुळे काही जरा तिखट वाटतील.

१. उभरत्या मोठ्या अर्थव्यवस्था म्हणजे नेमके कोणते देश? यादी कुणी ठरवली?

कुणीच नाही. चीन, भारत, ब्राझील, इंडोनेशिया, रशिया, दक्षिण आफ्रिका, मेक्सिको, तुर्की ही नावं बहुतेक याद्यांत सापडतात, पण सगळ्यांना मान्य अशी एक यादी नाही. जागतिक बँक दरडोई उत्पन्नावरून गट पाडते. त्यात भारत निम्न-मध्यम गटात आणि चीन उच्च-मध्यम गटात बसतो. अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं वर्गीकरण वेगळं. जागतिक व्यापार संघटनेत तर प्रत्येक देश स्वतःच सांगतो की मी विकसनशील आहे (त्यावरून होणाऱ्या भांडणासाठी प्रश्न १२).

‘ब्रिक’ (ब्राझील, रशिया, इंडिया, चायना) हे नाव २००१ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेतल्या जिम ओनील यांनी दिलं. पुढच्या काळात जगाची वाढ कुठून येणार, हे दाखवण्यासाठी केलेली ती आद्याक्षरांची जुळणी होती. आठ वर्षांनी त्याच चार देशांचे नेते रशियातल्या येकातेरिनबर्गला खरोखरच एकत्र बसले. बँकेच्या टिपणातून आंतरराष्ट्रीय गट जन्माला आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

२. भारत जगातली तिसरी अर्थव्यवस्था की चौथी? दोन्ही बातम्या वाचल्या. खरी कुठली?

दोन्ही खऱ्या, मोजपट्टी वेगळी. साताऱ्यात केस कापायला जे पैसे लागतात त्यात शिकागोच्या सलूनचं दारही उघडणार नाही. हा स्वस्ताईचा फरक धरून मोजलं, म्हणजे क्रयशक्तीनुसार मोजलं, तर चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. बाजारातल्या डॉलरच्या दरानं मोजलं तर २०२४ मध्ये अमेरिका सुमारे २९ लाख कोटी डॉलर, चीन १९ लाख कोटींच्या आसपास आणि भारत ४ लाख कोटींच्या किंचित खाली. चौथा की पाचवा हे जपानबरोबरच्या निसटत्या फरकावर ठरतं; येन आणि रुपयाचा दर जरा हलला की क्रम बदलतो.

लोकांना काय परवडतं हे पाहायचं असेल तर पहिली मोजपट्टी बरी. पण कच्चं तेल, लढाऊ विमानं, चिप्स या वस्तू डॉलरमध्येच घ्याव्या लागतात. जगाच्या टेबलावर वजन मोजायचं तर दुसरीच खरी. आणि भारताचं दरडोई उत्पन्न २,७०० डॉलरच्या आसपास आहे, हे कोणत्याही क्रमांकानं झाकलं जात नाही.

३. ब्रिक्स ही संघटना आहे की नुसतं वार्षिक संमेलन?

दोन्हींच्या मधलं काहीतरी. संस्थापक करार नाही, कायमचं सचिवालय नाही, कुणावर बंधनकारक नियम नाहीत. अध्यक्षपद दरवर्षी फिरतं आणि निर्णय सर्वसंमतीनं होतात, म्हणजे एकजण नाही म्हणाला की थांबलं. दक्षिण आफ्रिका चीनमधल्या २०११च्या सान्या परिषदेपासून आत आली आणि ‘ब्रिक’चं ‘ब्रिक्स’ झालं. २०२३ मध्ये जोहान्सबर्गला सहा देशांना निमंत्रण गेलं: इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती, सौदी आणि अर्जेंटिना. अर्जेंटिनात सत्ता बदलली आणि नव्या अध्यक्षांनी निमंत्रण परत केलं. सौदीनं हो-नाही करत पाय दारातच ठेवला. २०२५च्या जानेवारीत इंडोनेशिया आला.

सदस्य वाढले की वजन वाढतं, असं गृहीत धरून बातम्या लिहिल्या जातात. सर्वसंमतीच्या गटात उलटंच होतं: नकार देऊ शकणारेही वाढतात.

४. मग इतक्या वर्षांत त्यांनी उभं काय केलं?

एक बँक आणि एक राखीव निधी.

बँक म्हणजे न्यू डेव्हलपमेंट बँक. २०१४ मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझा इथे करार झाला, मुख्यालय शांघायला, पहिले अध्यक्ष आयसीआयसीआयचे के. व्ही. कामत. पाच संस्थापकांनी मिळून ५,००० कोटी डॉलरचं भांडवल सारख्या वाट्यानं घातलं आणि नकाराधिकार कुणालाच ठेवला नाही. चीननं दक्षिण आफ्रिकेइतकंच मत घेऊन बसावं ही गोष्ट लहान नाही. नाणेनिधीत असलं काही स्वप्नातही येणार नाही (प्रश्न ९). मुंबई मेट्रोच्या काही मार्गिकांना या बँकेचं कर्ज आहे, म्हणजे अंधेरीहून मेट्रो पकडणाऱ्याचा ब्रिक्सशी थेट संबंध येतो.

पण बँकेची खरी परीक्षा २०२२च्या मार्चमध्ये झाली. युक्रेनवर हल्ल्यानंतर बँकेनं रशियातले नवे व्यवहार थांबवले. रशिया स्वतः मालक, तरीही. कारण बँक कर्जाऊ पैसा उभा करते तो आंतरराष्ट्रीय रोखेबाजारातून, आणि तिथे पत घसरली तर सगळ्याच सदस्यांचं कर्ज महागतं. पाश्चात्त्यांना पर्याय म्हणून काढलेल्या बँकेला पाश्चात्त्य पतमानांकनाकडे बघूनच पाऊल टाकावं लागलं.

राखीव निधी १०,००० कोटी डॉलरचा. चीनचा वाटा ४,१००, भारत, रशिया, ब्राझील प्रत्येकी १,८०० आणि दक्षिण आफ्रिका ५०० कोटी. अडचणीत आलेल्या सदस्यानं मदत मागितली तर त्याच्या हक्काच्या रकमेतले ३० टक्के लगेच मिळतील. उरलेल्या ७० टक्क्यांसाठी आधी नाणेनिधीचा कार्यक्रम स्वीकारावा लागेल. धनको म्हणून चीनला हे कलम सोयीचंच आहे. पैसे बुडू नयेत ही काळजी बीजिंगलाही असते.

५. ब्रिक्सचं चलन कधी येणार? नोटेचा फोटोही पाहिला.

तो फोटो रशियातल्या कझानला २०२४ मध्ये झालेल्या ब्रिक्स परिषदेतल्या प्रतीकात्मक नोटेचा. तिच्यावर चहाही मिळणार नाही.

समाईक चलनाला समाईक मध्यवर्ती बँक लागते, व्याजदर एका ठिकाणी ठरवावे लागतात, तुटीवर मर्यादा घालून घ्याव्या लागतात. युरोसाठी शेजारी, सारखी घडण असलेल्या देशांना अनेक दशकं लागली, आणि तरीही ग्रीसच्या कर्जसंकटाच्या वेळी कपाळावर हात मारायची वेळ आली. इथे भारत आणि चीनला सीमाही अजून आखता आलेली नाही. शिवाय या गटाची निम्म्याहून जास्त आर्थिक ताकद एकट्या चीनची. कोणतंही समाईक चलन व्यवहारात युआनच ठरेल. २०२४-२५ मध्ये भारताची चीनबरोबरची व्यापारी तूट सुमारे ९,९०० कोटी डॉलर होती. ती तूट घेऊन दिल्ली अशा चलनावर सही करेल हे संभवत नाही.

२०२४च्या नोव्हेंबरअखेर ट्रम्प यांनी ब्रिक्स चलन काढलं तर १०० टक्के आयातशुल्क लावू अशी धमकी दिली. लगेच काही दिवसांत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी सांगून टाकलं की डॉलर हटवण्याच्या बाजूनं भारत कधीच नव्हता. एरवी शब्द तोलून बोलणाऱ्या खात्यानं इतकं स्वच्छ उत्तर दिलं, यातच सगळं आलं.

६. म्हणजे डॉलरला काहीच धोका नाही?

असं नाही, पण धोका चलनाकडून नाही, सोन्याकडून आणि सवय मोडण्याकडून आहे. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीत डॉलरचा वाटा १९९९-२००० च्या सुमारास ७१ टक्के होता, २०२४ मध्ये ५८ टक्क्यांच्या आसपास आला. यातला युआनचा वाटा अजून दोन टक्क्यांच्या घरात. उलट परकीय चलनाच्या बाजारात दहापैकी जवळपास नऊ व्यवहारांत एका बाजूला डॉलर असतोच. गंगाजळीतला वाटा उतरतो आणि बाजारातला हलत नाही, असं हे विचित्र चित्र.

खरा धक्का २०२२च्या फेब्रुवारीत बसला. रशियाची सुमारे ३०,००० कोटी डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. आपली बचत दुसऱ्याच्या तिजोरीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ती तिजोरी एका रात्रीत बंद होऊ शकते हे तेव्हा दिसलं. त्यानंतर मध्यवर्ती बँकांची सोनेखरेदी झपाट्यानं वाढली. रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये १०० टनांहून जास्त सोनं ब्रिटनमधून देशात आणलं. २०२५च्या मार्चअखेर एकूण साठा सुमारे ८८० टन होता. १९९१च्या जुलैत ४७ टन सोनं तारण म्हणून मुंबईहून विमानानं लंडनला गेलं होतं, ते आठवणारे वाचक या परतीच्या प्रवासावर दर महिन्याला लिहितात.

७. सौदीनं अमेरिकेबरोबरचा पन्नास वर्षांचा पेट्रोडॉलर करार संपवला, असा मेसेज फिरतोय. खरं का?

नाही. तेल डॉलरमध्येच विकू असा मुदतीचा करार कधी झालाच नव्हता. १९७४ मध्ये दोन देशांचा आर्थिक सहकार्य आयोग स्थापन झाला, ती वेगळी गोष्ट. सौदी तेल डॉलरमध्ये विकतो कारण त्याचा रियाल डॉलरला बांधलेला आहे आणि त्याची बचतही बहुतांशी तिथेच आहे. मेसेज २०२४च्या जूनमधला, अजून फिरतोय.

८. रशियाचे अब्जावधी रुपये भारतात अडकले, हे काय प्रकरण होतं? रुपयात व्यापार चांगलाच ना?

चांगलाच, पण दोन्ही बाजूंनी माल सारखा जात-येत असेल तर.

२०२२च्या जुलैत रिझर्व्ह बँकेनं रुपयात आंतरराष्ट्रीय व्यापाराची सोय केली. रशियन बँक भारतीय बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खातं उघडणार, आपला तेल कारखाना त्यात रुपये भरणार, आणि त्याच रुपयांतून रशिया आपल्याकडचा माल घेणार. सोव्हिएत काळात चहा, औषधं, कपडे देऊन यंत्रं आणि शस्त्रं घेण्याचा व्यवहार असाच चालायचा. सरकारं बसून तो दोन्हीकडून जुळवत असत.

या वेळी जुळला नाही. युद्धापूर्वी आपल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्केही नव्हता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. २०२३-२४ मध्ये दोन देशांचा व्यापार ६,५०० कोटी डॉलरच्या आसपास होता आणि त्यात आपली निर्यात फक्त ४०० कोटींच्या घरातली. मग साठलेल्या रुपयांचं करायचं काय? २०२३च्या मे महिन्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यात आले होते. तिथेच ते पत्रकारांना म्हणाले की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साठलेत, ही अडचण आहे, ते दुसऱ्या चलनात बदलले पाहिजेत.

रुपया पूर्ण परिवर्तनीय नाही, ही मुळातली गाठ. रुपया जगभर चालावा असं वाटत असेल तर परक्यांना तो हवा तेव्हा घेता-सोडता आला पाहिजे, आणि तशी मोकळीक दिली तर संकटकाळी पैसा पळून जाण्याची दारंही उघडतात. १९९७च्या आशियाई संकटातून आपण वाचलो ते ही दारं बंद होती म्हणून. दोन्ही एकदम मिळत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२५च्या ऑगस्टमध्ये अशा खात्यांतली सगळी शिल्लक सरकारी रोख्यांत गुंतवायला परवानगी दिली. त्यानं पैशाला व्याज मिळेल, मूळ गाठ सुटत नाही.

९. नाणेनिधीत भारताचं मत किती, आणि ते वाढत का नाही?

२.६ टक्क्यांच्या थोडं वर. ब्रिटन आणि फ्रान्स प्रत्येकी ४ टक्के, आणि २०२४ मध्ये बाजारभावानं दोघांचीही अर्थव्यवस्था भारताहून लहान होती. चीन ६.१ टक्के, जपान त्याच्या किंचित वर. अमेरिका साधारण १६.५ टक्के, आणि महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात. गणित करून बघा: अमेरिका सोडून उरलेलं सगळं जग एक झालं तरी ८५ होत नाहीत.

मतांचा वाटा कोट्यावर, म्हणजे प्रत्येक देशानं निधीत घालायच्या रकमेवर, ठरतो. २०१० मध्ये फेरवाटप ठरलं, त्यावर अमेरिकी काँग्रेसनं पाच वर्षं बसून २०१५च्या डिसेंबरात मंजुरी दिली. २०२३च्या डिसेंबरात पुढचा आढावा संपला तेव्हा कोटा ५० टक्के वाढवायचं ठरलं, पण सगळ्यांचा सारख्याच प्रमाणात. म्हणजे वाटे होते तिथेच. अर्थव्यवस्थेच्या आकारानुसार वाटणी झाली तर सगळ्यात जास्त फायदा चीनचा होईल, आणि ते वॉशिंग्टनला नको. चीनला अडवण्यासाठी लावलेल्या खिळीत भारत, ब्राझील, इंडोनेशियाही अडकून पडतात.

१०. जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा तर पुण्याच्या खडकीत जन्मलेले. मग आपलं वजन वाढलं असं का म्हणायचं नाही?

अभिमान जरूर बाळगा. पण ते अमेरिकी नागरिक आहेत आणि त्यांचं नाव अमेरिकेच्या अध्यक्षांनीच पुढे केलं. जागतिक बँकेवर अमेरिकेचा माणूस आणि नाणेनिधीवर युरोपचा, हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा अलिखित रिवाज त्यांच्या नेमणुकीनं मोडला नाही, पाळला गेला.

११. जागतिक व्यापार संघटनेत भारत सारखा अडवणूक का करतो? त्यामुळे आपलंच नाव खराब होत नाही का?

होतं. तरी एका बाबतीत भारताची तक्रार रास्त आहे, ती नीट समजून घ्या.

नियम असा की विकसनशील देशानं एखाद्या पिकाला दिलेला आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये. आधार मोजायचा कसा? आजच्या हमीभावातून एक ठरावीक संदर्भ किंमत वजा करायची. ही संदर्भ किंमत १९८६ ते ८८ या काळातली. तेव्हापासून मजुरी, डिझेल, खत कुठल्या कुठे गेलं, पण वजाबाकी अजून राजीव गांधींच्या काळातल्या भावाशी होते. साहजिकच २०१८-१९ मध्ये तांदळाच्या बाबतीत भारतानं मर्यादा ओलांडली.

२०१३ मध्ये बाली परिषदेत तात्पुरता तह झाला: कायमचा तोडगा निघेपर्यंत अशा सरकारी धान्यसाठ्यांविरुद्ध कुणी तक्रार गुदरायची नाही. हा तोडगा अजून निघालेला नाही. म्हणून भारत दुसरे विषय अडवून धरतो. २०२४ मध्ये अबू धाबीत गुंतवणूक सुलभीकरणाचा करार असाच रोखला, जरी त्यामागे शंभरावर देश होते. दुसऱ्यांना वेठीला धरून आपला विषय पुढे सरकतोय असं मात्र दिसत नाही, आणि ज्यांना रोखलं त्यांत गरीब देशही बरेच होते.

१२. चीन अजून स्वतःला विकसनशील कसा म्हणवतो?

नियमात स्वयंघोषणा चालते म्हणून. ब्राझील आणि दक्षिण कोरियानं २०१९ मध्ये विकसनशील देशांना मिळणाऱ्या सवलती सोडायची तयारी दाखवली. चीननं २०२५च्या सप्टेंबरात जाहीर केलं की यापुढच्या वाटाघाटींत नव्या सवलती मागणार नाही. विकसनशील हा दर्जा मात्र सोडलेला नाही. पुढचं बोट आता भारताकडे वळणार, हे उघड आहे.

१३. निदान ब्रिक्समधले देश तरी एकमेकांविरुद्ध जात नसतील?

उसाबद्दल विचारा. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेकडे, तक्रार केली. आरोप दोन: साखरेच्या निर्यातीला अनुदान दिलं जातं, आणि उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला किमान भाव, हा १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेरचा आधार आहे. भारताचा युक्तिवाद होता की एफआरपी सरकारच्या खिशातून जात नाही, ती कारखाना देतो. कोल्हापूर-सांगलीच्या कुणाही शेतकऱ्याला हे पटेल. थकीत एफआरपीसाठी तो मोर्चा कारखान्यावर नेतो. पण २०२१च्या डिसेंबरात तंटा समितीनं निकाल दिला की पैसे कोण देतो हा मुद्दा गौण, भाव सरकारनं बांधून दिला हे पुरेसं आहे. आधार मोजण्याची रीत प्रश्न ११ मध्ये आहे.

ब्राझील जगातला सगळ्यात मोठा साखर निर्यातदार. आपली साखर बाहेर आली की जागतिक भाव पडतो आणि त्याचे कारखाने ओरडतात. शिखर परिषदेतल्या हस्तांदोलनांचा या गणितावर परिणाम होत नाही.

१४. मग साखरेच्या तंट्यात भारत हरला, तरी एफआरपी चालूच कशी?

कारण अपील. व्यापार संघटनेचं अपील मंडळ २०१९च्या डिसेंबरपासून बंद पडलं आहे. अमेरिकेनं नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. आता हरलेला पक्ष अपील दाखल करतो, ऐकायला कुणी नसतं, आणि निकाल लटकत राहतो. भारतानं २०२२च्या जानेवारीत तेच केलं.

इंडोनेशियानंही. त्यानं २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली: खनिज हवं तर इथे कारखाना काढा. युरोपीय संघ जिनिव्हात गेला, २०२२च्या नोव्हेंबरात जिंकला, इंडोनेशियानं अपील केलं आणि निकेल तिथेच राहिलं. चिनी कंपन्यांनी तिथे भट्ट्या उभारल्या आणि जगातलं निम्म्याहून जास्त निकेल आता इंडोनेशियातून निघतं. नियमांची चौकट मोडली अमेरिकेनं, फट सापडली उभरत्या देशांना.

१५. तांदूळ, कांदा, गहू यांची निर्यात आपण बंद करतो तेव्हा जगावर खरंच परिणाम होतो का? की नुसता आपल्या शेतकऱ्याचा बळी?

दोन्ही होतं. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास. २०२३च्या जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर बंदी आली आणि आशियातले भाव सुमारे पंधरा वर्षांतल्या उच्चांकाला गेले. याची झळ बसली ती पश्चिम आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकांना, ज्यांच्या वतीनं बोलण्याचा दावा आपण त्याच वर्षी जी-२०च्या व्यासपीठावरून करत होतो.

कांद्याचं लासलगावला विचारा. २०२३च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. डिसेंबरात पूर्ण बंदी. २०२४च्या मे महिन्यात, ऐन निवडणुकीत, ती उठली पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं २०२५च्या १ एप्रिलला. तोवर बांगलादेश, मलेशिया, आखातातले व्यापारी दुसरीकडे वळू लागले होते. मोठ्या देशाच्या हातातलं हे हत्यार खरं, पण त्याची किंमत कोण मोजतो हे दर वेळी चांदवड-निफाडच्या कांदाचाळींत दिसतं.

दुसऱ्या टोकालाही आपण असतो. २०२२च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात साधारण साडेतीन आठवडे थांबवली आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या आयातदाराला, म्हणजे भारताला, घाम फुटला.

१६. दुर्मिळ खनिजांचा गाजावाजा त्यातलाच का?

हो, निर्यात रोखण्याचं तेच हत्यार, फक्त पकड कितीतरी घट्ट. या खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांपैकी जवळपास ९० टक्के चीनमध्ये तयार होतात. २०२५च्या एप्रिलमध्ये चीननं त्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि पुणे-चाकण पट्ट्यातल्या विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्यांना उत्पादनाचे आराखडे बदलावे लागले. रोख अमेरिकेवर होता, फटका सगळ्यांना. तांदळाला दुसरा पुरवठादार काही महिन्यांत सापडतो. चुंबकाच्या कारखान्याला वर्षं लागतात.

१७. चीननं कर्जात अडकवून श्रीलंकेचं बंदर घेतलं. भारतानं केलं ते वेगळं कसं?

हंबनटोटाबद्दल जरा सावकाश. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या करारानं चिनी कंपनीला गेलं हे खरं. पण त्या बदल्यात कर्ज माफ झालं नाही. मिळालेले सुमारे ११२ कोटी डॉलर श्रीलंकेनं गंगाजळीसाठी वापरले. आणि बाहेरच्या कर्जातला सगळ्यात मोठा हिस्सा चीनचा नव्हता, तो खुल्या बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता.

२०२२ मध्ये श्रीलंकेनं हात वर केले तेव्हा भारतानं सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली, आणि पुढच्या जानेवारीत कर्जफेडीबाबत नाणेनिधीला लेखी हमी देणारा पहिला धनको भारत होता. मग भारत, जपान आणि फ्रान्स यांनी मिळून धनकोंची समिती चालवली. चीन तिच्यात बसला नाही, त्यानं स्वतंत्र बोलणी केली. पूर्वी असे निर्णय पॅरिस क्लबमधल्या श्रीमंत देशांच्या खोलीत होत. आता चीनला वगळून ते होत नाहीत, आणि चीन त्या क्लबचा सदस्य नाही. त्यामुळे झांबियासारखा देश २०२०च्या नोव्हेंबरात कर्ज थकवतो आणि सरकारी धनकोंशी तडजोड व्हायला २०२३चा जून उजाडतो.

१८. अमेरिकेनं भारत आणि ब्राझील दोघांवर ५० टक्के शुल्क लावलं. तेव्हा सगळे एकत्र का आले नाहीत?

ब्राझीलचे अध्यक्ष लुला यांनी २०२५च्या सप्टेंबरात ब्रिक्सची दूरस्थ बैठक बोलावली. भारताकडून पंतप्रधान नव्हे, परराष्ट्रमंत्री बसले. कारण सरळ आहे: प्रत्येकाची अमेरिकेशी स्वतंत्र बोलणी चालू होती, आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईक तिथेच आहे. चीनशी एकजूट दाखवून वॉशिंग्टनकडून सवलत मिळत नाही. शिवाय एकाचं नुकसान दुसऱ्याला पथ्यावर पडतं. २०१८ मध्ये चीननं अमेरिकी सोयाबीनवर शुल्क लावलं तेव्हा ती मागणी ब्राझीलकडे गेली आणि बरीचशी तिथेच राहिली.

१९. सगळीकडे अडवणं, थांबवणं, लटकवणंच दिसतं. या देशांनी एखादा जागतिक नियम स्वतः लिहून घेतल्याचं एक तरी उदाहरण आहे का?

आहे, औषधांचं. आणि त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे.

२००१च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीनं एड्सवरचा तीन औषधांचा एकत्र उपचार माणशी वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा १०,००० डॉलरच्या वर होता. हे शक्य झालं कारण १९७०च्या पेटंट कायद्यानं भारतात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हतं, फक्त प्रक्रियेवर मिळायचं. त्याच वर्षी दोहा इथे भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि आफ्रिकी देशांनी एकत्र जोर लावला आणि व्यापार संघटनेकडून घोषणा मंजूर करून घेतली की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नयेत. ज्या देशात औषध कारखाने नाहीत त्याला बाहेरून स्वस्त औषध घेण्याची वाट २००३ मध्ये मोकळी झाली. २००५ पासून भारताला पदार्थाचं पेटंट द्यावं लागलं, तेव्हा कायद्यात कलम ३(ड) घातलं: जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवं पेटंट मागता येणार नाही. २०१३च्या १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिस या स्विस औषध कंपनीच्या खटल्यात ते उचलून धरलं.

इथे तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या: तिन्ही देशांचं हित एकच होतं, हातात तयार माल होता, आणि कायद्याचा मसुदा लिहिणारी माणसं होती. २०२०च्या ऑक्टोबरात भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं कोविडसाठी हाच प्रयोग पुन्हा केला. लस, औषधं, चाचण्या सगळ्यांवरचं पेटंट तात्पुरतं बाजूला ठेवा म्हणाले. वीस महिन्यांनी, २०२२च्या जूनमध्ये, मिळालं ते फक्त लशींपुरतं आणि तेही सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना माल बनवू देण्याची, प्रक्रिया थोडी सैल करण्याइतकं. तोवर लशींचा तुटवडाच उरला नव्हता.